जपानच्या बाजारांत सुताराचीं हत्यारें

परदेशीं गेलेला मनुष्य परततांना कांहीं ना कांहीं वस्तु बरोबर आणतोच. जपानहून येणाऱ्यांच्या पेट्यांत बहुधा पंखे, चिनी मातीचे पेले, रेशमी रुमाल आणि मुलांसाठीं खेळणीं असतात. परंतु ज्यांना फावल्या वेळीं घरांत एखादें फळकूट कापण्याची, एखादी खुर्ची नीट करण्याची किंवा पुस्तकांची मांडणी स्वतःच्या हातानें तयार करण्याची हौस आहे, असे गृहस्थ त्या देशांत वेगळ्याच दुकानांकडे वळतात. तेथें करवती, पटाश्या, रंधे आणि धारेचे दगड मांडलेले असतात. आणि अशा दुकानाच्या दारांत पाऊल टाकलेल्या हौशी माणसाला वेळेचें व खिशाचें भान राहणें कठीण जातें.

इतर भेटवस्तु आणि हत्यार यांत मात्र एक मोठा भेद आहे. पंखा भिंतीवर टांगला कीं त्याचें काम झालें. हत्यार घरीं आल्यावर त्याचें काम सुरू होतें. त्याला धार लावावी लागते, त्याला हवेपासून जपावें लागतें, आणि तें ज्या रीतीनें वापरण्यासाठीं घडविलेलें असतें ती रीतहि शिकून घ्यावी लागते. हें ज्याच्या ध्यानांत येत नाहीं त्याचा उत्तम रंधा दोन पावसाळ्यांत गंजून कपाटाच्या तळाशीं जातो. म्हणून जपानांत हत्यारें विकत घेऊं इच्छिणाऱ्यानें किंमत विचारण्यापूर्वीं तीं कां व कशीं निराळीं आहेत हें समजून घेणें अगत्याचें आहे.

पहिला भेद हाताच्या गतीचा. युरोपीय पद्धतीची करवत पुढें ढकलतांना कापते. जपानी करवत, म्हणजे नोकोगिरी, स्वतःकडे ओढतांना कापते. वरवर हा केवळ संवयीचा प्रश्न वाटतो. पण त्याच्या मुळाशीं साधें यंत्रशास्त्र आहे. कागदाची लांब पट्टी टोंकाला धरून पुढें ढकलली तर ती वांकते, ओढली तर ताठ राहते. करवतीच्या पात्याचेंहि तसेंच आहे. ढकलून कापावयाचें पातें वांकूं नये म्हणून जाड ठेवावें लागतें. ओढून कापावयाचें पातें ओढीनेंच ताणलें जातें, म्हणून तें पुष्कळ पातळ ठेवतां येतें. पातें पातळ असलें कीं काप अरुंद पडतो, भुसा कमी होतो आणि हाताला श्रम थोडे पडतात. जपानी रंधा, ज्याला कान्ना म्हणतात, तोहि याच न्यायानें अंगाकडे ओढून चालवितात. काम करणारा पुष्कळदां जमिनीवर बसलेला असतो आणि लांकूड पायानें दाबून धरतो. आपल्याकडील जुन्या सुतारांना मांडी घालून किंवा उकिडवें बसून, पायाचा अंगठा लांकडावर रोवून काम करतांना ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें दृश्य परकें वाटणार नाहीं.

दुसरा भेद धातूचा. चांगल्या जपानी पटाशीच्या किंवा रंध्याच्या पात्याची कड न्याहाळून पाहिली तर तींत दोन निरनिराळे थर दिसतात. धारेकडील पातळ, चकचकीत थर कठीण पोलादाचा. त्याला हागाने म्हणतात. त्याच्या पाठीवरील जाड, किंचित् मंद रंगाचा थर मऊ लोखंडाचा. त्याचें नांव जिगाने. दोन्हीं भट्टींत तापवून, ठोकून एकजीव केलेलीं असतात. सगळें पातें कठीण पोलादाचें केलें तर तें घाव लागतांच तडकेल आणि घासावयासहि अवघड जाईल. सगळें मऊ केलें तर धार टिकणार नाहीं. कठीण थर धार धरतो, मऊ थर धक्का सोसतो आणि दगडावर लवकर झिजून धार लावण्याचे श्रम वांचवितो. याशिवाय पात्याची सपाट बाजू मुद्दाम मध्यें किंचित् पोंखरलेली असते. त्यामुळें दगडावर घासतांना फक्त कडाच टेकतात आणि ती बाजू सपाट राखणें सोपें होतें.

दुकानांत पोलादाविषयीं विचारलें कीं 'पांढरा कागद' आणि 'निळा कागद' अशीं नांवें कानांवर येतात. शिमाने प्रांतांतील यासुगी या गांवाच्या नांवानें प्रसिद्ध असलेल्या पोलादाचे हे दोन प्रकार होत. पोलादाच्या रंगाशीं या नांवांचा कांहीं संबंध नाहीं. पोलादाला चिकटविलेल्या कागदाच्या रंगावरून तीं पडलीं. पांढरें, म्हणजे शिरोगामी, हें जवळजवळ शुद्ध कर्बयुक्त पोलाद असतें. त्याला अतिशय बारीक धार चढते आणि ती दगडावर लवकर लागते. निळें, म्हणजे आओगामी, यांत टंगस्टन व क्रोमियम मिसळलेलें असतें. त्याची धार अधिक काळ टिकते, पण ती लावावयास थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. यांपैकीं श्रेष्ठ कोणतें असा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. पोलादाला पाणी देणाऱ्या लोहाराचा हात चांगला असेल तर दोन्हीं उत्तम. तो हात कच्चा असेल तर दोन्हीं व्यर्थ.

या लोहारांची परंपरा जुनी आहे. ह्योगो प्रांतांतील मिकी या गांवाचा किल्ला सोळाव्या शतकांत हिदेयोशीनें दीर्घ वेढा घालून १५८० मध्यें जिंकला. उद्ध्वस्त झालेलें गांव पुन्हां उभारावयाचें तर सुतार हवे, आणि सुतार आले तर त्यांना हत्यारें पुरविणारे लोहारहि हवे. अशा रीतीनें तेथें लोहारकाम रुजलें आणि पुढें तोच गांवाचा मुख्य धंदा झाला. निइगाता प्रांतांतील सांजोची कथा निराळी. तेथील शेतकरी नद्यांच्या पुरांनीं वारंवार नागवले जात. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत त्यांना जोडधंदा म्हणून खिळे घडविण्याची विद्या शिकविण्यांत आली; खिळ्यांवरून ते विळ्यांकडे आणि विळ्यांवरून सुताराच्या हत्यारांकडे वळले. पुढें १८७६ मध्यें जपानी सरकारनें सर्वसामान्यांस तरवार बाळगून फिरण्यास मनाई केली, आणि तरवारी घडविणाऱ्या घराण्यांवर उपासमारीची पाळी आली. त्यांतील कांहींनीं सुरे, कात्र्या आणि पटाश्या घडविण्यास आरंभ केला. रंध्यांच्या पात्यांसाठीं विख्यात झालेला चियोझुरु कोरेहिदे हा लोहार अशाच तरवारी घडविणाऱ्या घराण्यांतला होता. युद्धाची विद्या घरबांधणीच्या कामीं आली, असें या पालटाचें वर्णन करतां येईल.

खरेदीस निघण्यापूर्वीं अर्धा दिवस काढून कोबे शहरांतील ताकेनाका संग्रहालय पाहणें हितावह आहे. केवळ सुताराच्या हत्यारांना वाहिलेलें हें संग्रहालय १९८४ मध्यें सुरू झालें आणि २०१४ मध्यें शिन-कोबे स्थानकाजवळील नव्या वास्तूंत आलें. तेथें १९४३ मध्यें झालेल्या एका पाहणीच्या आधारें एका सुताराच्या संपूर्ण हत्यारांचा संच मांडला आहे. त्यांत १७९ नग आहेत. एवढीं हत्यारें एका माणसाला कशाला लागत, असा प्रश्न प्रथम पडतो. पण जवळून पाहतां प्रत्येकाचें काम निराळें असल्याचें कळतें. हौशी माणसाला तेथें आणखी एक धडा मिळतो. इतक्या हत्यारांपैकीं आपल्याला खरोखर लागणारीं पांच-सहाच आहेत, हें त्याला उमगतें. आणि तें दुकानांत शिरण्यापूर्वीं उमगणें फार फायद्याचें असतें.

कोबेहून मिकी जवळच आहे. तेथील महामार्गालगतच्या विसांव्याच्या जागीं स्थानिक हत्यारांचें प्रदर्शन व विक्री एकाच दालनांत चालते. नोव्हेंबरच्या आरंभीं गांवांत हत्यारांचा मोठा उत्सव भरतो. त्या वेळीं लोहारांचें काम प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. सांजोकडे जाणाऱ्यानें त्सुबामे-सांजो या स्थानकावर उतरावें. स्थानकांतच त्या भागांतील मालाचें दालन आहे, आणि गांवांत लोहारकामाचा अनुभव देणारी एक शाळाहि आहे. ज्याला जुन्या वस्तूंची आवड आहे त्यानें क्योतो शहरांतील देवळांचे बाजार चुकवूं नयेत. तोजी मंदिरांत दर महिन्याच्या २१ तारखेस आणि कितानो तेन्मांगू येथें २५ तारखेस जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. मडकीं, जुनीं वस्त्रें आणि चित्रें यांच्या गर्दींत कधीं एखाद्या दिवंगत सुताराचे रंधेहि पथारीवर मांडलेले आढळतात.

आतां नेमकें काय घ्यावें? नवशिक्यानें करवतीपासून आरंभ करावा. र्‍योबा नांवाच्या करवतीला दोन्हीं कडांना दांते असतात. एका बाजूचे लांकडाच्या रेषांच्या दिशेनें चिरण्यासाठीं, दुसऱ्या बाजूचे आडवें कापण्यासाठीं. बारीक जोडकामासाठीं दोझुकी ही पाठीला ताठ पट्टी बसविलेली करवत असते. येथें ग्राहकापुढें एक पेंच उभा राहतो. हातानें कानसलेल्या दांत्यांची करवत सुंदर दिसते, पण तिला पुन्हां धार लावणें हें स्वतंत्र कारागिराचें काम आहे, आणि असे कारागीर जपानांतहि थोडे उरले आहेत. मुंबई-पुण्यास ते कोठून मिळणार? याउलट कारखान्यांत बनलेल्या, पातें बदलतां येणाऱ्या करवतीचे दांते विजेच्या उष्णतेनें इतके कठीण केलेले असतात कीं त्यांवर कानस चालत नाहीं. धार गेली कीं पातें टाकून नवें बसवावयाचें. हौशी जाणकाराला हें थोडें अप्रतिष्ठेचें वाटतें; परंतु घरगुती उपयोगासाठीं हीच करवत शहाणपणाची. ती दोन-चार हजार येनांत मिळते. जादा पातीं चपटीं असल्यामुळें पेटींत जागा अडवीत नाहींत. तेव्हां दोन-तीन पातीं बरोबरच घ्यावींत.

पटाश्यांचा दहा नगांचा संच लांकडी पेटींत मांडलेला पाहून मोह पडतो. तो आवरावा. सहा, बारा आणि चोवीस मिलिमीटर रुंदीच्या तीन चांगल्या पटाश्या घेतल्या तर घरगुती जोडकाम बहुतेक निभावतें. त्याच पैशांत दहा मध्यम प्रतीच्या पटाश्या घेण्यापेक्षां हें बरें. घेतांना हें विचारून घ्यावें कीं ती हातोडीनें ठोकण्यासाठीं आहे कीं नुसत्या हाताच्या दाबानें चालविण्यासाठीं. ठोकण्याच्या पटाशीच्या मुठीला वर लोखंडी कडें असतें. नव्या पटाशीचें हें कडें पुष्कळदां नुसतेंच अडकविलेलें असतें; तें खालीं सरकवून, मुठीचें टोंक हातोडीनें ठेचून त्यावर पसरवावें लागतें. ही गोष्ट ठाऊक नसलेला ग्राहक कडें सैल आहे म्हणून मालाला दोष देतो.

रंधा सर्वांत शेवटीं घ्यावा. त्याचें पातें ओकच्या लांकडाच्या ठोकळ्यांत बसविलेलें असतें आणि त्याला मळसूत्र नसतें. पातें खालीं करावयाचें तर त्याच्या माथ्यावर हळूच ठोकतात. वर घ्यावयाचें तर ठोकळ्याच्या मागील कडेवर. दुकानांतून आणलेला उंची रंधा बहुधा लगेच चालत नाहीं. पातें ठोकळ्यांत नीट बसवून घ्यावें लागतें, धार लावावी लागते, आणि ठोकळ्याचा तळ ठराविक जागींच लांकडाला टेकेल असा खरवडावा लागतो. हें सर्व साधलें म्हणजे मात्र लांकडावरून असा तलम पापुद्रा निघतो कीं त्यांतून पलीकडचें दिसावें, आणि लांकडाला येणारी झळाळी पॉलिश-कागदानें घासून येत नाहीं. मापाचाहि एक घोटाळा येथें आहे. जुन्या मापांत एक सून म्हणजे सुमारें तीन सेंटिमीटर. पण 'एक सून आठ' म्हणून विकल्या जाणाऱ्या नेहमींच्या रंध्याचें पातें प्रत्यक्षांत सुमारें सत्तर मिलिमीटर रुंद असतें. म्हणून नांवावर न जातां पट्टी लावून पाहावी.

जुना रंधा किंवा जुनी पटाशी घेतांना चार गोष्टी तपासाव्यात. कठीण पोलादाचा थर किती उरला आहे? तो संपत आला असेल तर हत्याराचें आयुष्यहि संपत आलें. दोन थरांच्या सांध्यांत फट आहे काय? धारेला तडा आहे काय? आणि सपाट बाजूवर गंजाचे खोल खड्डे पडले आहेत काय? वरवरचा तांबूस गंज घासून जातो. धारेजवळ पडलेला खड्डा मात्र सहजासहजीं जात नाहीं. पात्यावर कोरलेल्या मोठ्या नांवावर विसंबून किंमत देऊं नये. नांव कोरणें सोपें आणि पोलाद घडविणें कठीण.

ज्याला धारेच्या हत्यारांची दगदग नको त्याच्यासाठीं एक फार मौजेची वस्तु आहे, ती साशिगाने. हा पोलादाच्या पातळ पट्टीचा गुण्या. त्याच्या एका बाजूस साधें माप असतें. पारंपरिक गुण्याच्या दुसऱ्या बाजूस मात्र प्रत्येक घर मूळ मापाच्या १.४१४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतकें मोठें असतें. गोल ओंडक्याचा व्यास या बाजूनें मोजला कीं त्या ओंडक्यांतून जास्तींत जास्त किती रुंदीचा चौकोनी खांब निघेल तें गणित न करतांच वाचतां येतें. आणखी एका मापानें व्यास मोजला तर परीघ कळतो. शाळकरी मुलाला भूमितीची गोडी लावण्यास याहून चांगली भेट सांपडणें कठीण. शिवाय ती हलकी आणि स्वस्त आहे.

हत्यारांबरोबर धारेचे दगड घेणें मात्र विसरूं नये. एक हजार क्रमांकाचा कृत्रिम दगड धार घडविण्यासाठीं आणि सहा हजारांच्या आसपासचा ती चकचकीत करण्यासाठीं, एवढे दोन पुरेत. दोन्हीं पाण्यानें भिजवून वापरावयाचे. क्योतोच्या डोंगरांतील नैसर्गिक दगडांची कीर्ति मोठी आहे; पण तेथील बहुतेक खाणी बंद पडल्यामुळें त्यांच्या किंमतीहि मोठ्या आहेत, आणि पारख नसलेल्याला त्यांत फसण्याची भीति असते.

येथें आपल्या लांकडांचा विचार करणें प्राप्त आहे. जपानी सुताराचें मुख्य लांकूड हिनोकी व सुगी, म्हणजे मऊ, सरळ रेषांचें. त्याच्या रंध्याचें पातें सुमारें अडतीस ते चाळीस अंशांवर निजविलेलें असतें. युरोपीय रंध्यांत तें बहुधा पंचेचाळीस अंशांवर असतें. आपला साग तितका कठीण नसला तरी त्यांत वाळूच्या जातीचे सूक्ष्म कण असतात व ते धार लवकर बोथट करतात. शिसवी आणि बाभूळ तर कठीणच. मऊ लांकडासाठीं घडविलेल्या करवतीचे लांब, नाजूक दांते अशा लांकडांत घातले तर मोडतात. म्हणून दुकानदाराला 'कठीण लांकडासाठीं हवें' असें स्पष्ट सांगावें. हवेचाहि परिणाम होतो. कोंकणांतील पावसाळ्यांत रंध्याचा ठोकळा फुगून पातें आवळलें जाईल. उन्हाळ्यांत देशावर तोच आकसून तळ वांकडा होईल. हा दोष हत्याराचा नव्हे. ऋतूप्रमाणें तळ पुन्हां साधून घेणें हा त्या हत्याराच्या वापराचाच भाग आहे.

दुकानांतील वागणुकीचेहि कांहीं नियम आहेत. तेथें घासाघीस करण्याची रीत नाहीं. धारेवर बोट फिरवून पाहणें अशिष्ट समजलें जातें; बोटाच्या घामानें पोलादावर डाग पडतो हें त्याचें व्यावहारिक कारण. हत्यार पाहावयाचें असल्यास आधीं परवानगी मागावी आणि तें दोन्हीं हातांनीं घ्यावें. आपण कोणतें काम करतों, कोणतें लांकूड वापरतों, धार स्वतः लावतों कीं नाहीं, एवढें सांगितलें तर दुकानदार पुष्कळदां महागाऐवजीं योग्य वस्तु पुढें ठेवतो. परदेशी प्रवाशाला विक्रीकरांत सवलत मिळूं शकते. म्हणून पारपत्र जवळ बाळगावें आणि त्या वेळचे नियम दुकानांतच विचारून घ्यावेत.

घेतलेलीं हत्यारें बांधलेल्या स्थितींतच ठेवावींत. सहा सेंटिमीटरहून लांब पात्याचें धारदार शस्त्र योग्य कारणाशिवाय बाळगून फिरणें जपानी कायद्यानें गुन्हा आहे. नुकतेंच विकत घेतलेलें व गुंडाळलेलें हत्यार मुक्कामीं नेण्यास अडचण नसते, पण तें थैलींत मोकळें टाकून शहरभर हिंडूं नये. विमानांत हीं हत्यारें हातांतील सामानांत चालत नाहींत. विमानाच्या पोटांत जाणाऱ्या पेटींतच तीं ठेवावीं लागतात. धारेवर जाड पुठ्ठा बांधावा, म्हणजे पेटी तपासणाऱ्याच्या बोटांना इजा होणार नाहीं. पात्याला तेलाचा पातळ हात द्यावा, आणि पावत्या जकातीच्या अधिकाऱ्यांसाठीं हाताशीं ठेवाव्यात.

जपानी हत्यारांची विद्या परक्या भूमींत रुजूं शकते, याचें एक मोठें उदाहरण जॉर्ज नाकाशिमा यांचें आहे. अमेरिकेंत जन्मलेल्या या जपानी वंशाच्या वास्तुशिल्पज्ञानें १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पाँडिचेरी येथील अरविंदाश्रमाच्या गोलकोंद या इमारतीचें काम पाहिलें. पुढें महायुद्धाच्या काळीं अमेरिकेंतील स्थानबद्धांच्या छावणींत असतांना एका जपानी सुताराकडून त्यांनीं हीं हत्यारें वापरण्याची कला आत्मसात् केली, आणि लांकडी सामानाचे कारागीर म्हणून ते जगप्रसिद्ध झाले. १९६४ नंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेंत त्यांच्या आराखड्यांवरून सामान तयार होऊं लागलें. छावणींत त्यांच्यापाशीं चांगलें लांकूडहि नव्हतें. होता तो शिकविणारा माणूस आणि शिकण्याची चिकाटी.

हत्याराची खरी किंमत येथेंच ठरते. मिकी आणि सांजो येथील वृद्ध लोहारांना वारस मिळणें कठीण झालें आहे, कारण घरें बांधण्याचें काम विजेच्या यंत्रांनीं आपल्याकडे घेतलें. काचेच्या कपाटांत ठेवण्यासाठीं त्यांचें एखादें पातें नेणारा ग्राहक त्यांना पैसे देतो. पण तें झिजवून, पुन्हां धार लावून, अखेर नवें मागावयास येणारा ग्राहक त्यांचा धंदा जगवितो. तेव्हां प्रवाशानें दुकानाच्या दारांत स्वतःला एकच प्रश्न विचारावा: घरीं परतल्यावर पहिल्या रविवारीं या हत्यारानें काय करावयाचें? उत्तर तयार असेल तर खुशाल घ्यावें. नसेल तर एक गुण्या घेऊन परतावें, आणि उरलेल्या पैशांत जवळच्या एखाद्या सुताराकडे बसून धार लावण्यास शिकावें. ती विद्या हातीं आली म्हणजे पुढच्या प्रवासांत कोणतें पातें निवडावयाचें हें दुकानदाराला विचारावें लागणार नाहीं.